शालनच्या आत्या आणि नऊ दुभत्या गाई

शालनच्या आत्यांना पाहुणा ही कल्पनाच मान्य नव्हती. देवाने माणसाला दोन हात दिले, ते जोडून नमस्कार करून झाला की लगेच मोकळे होतात, आणि मोकळे हात गोठ्यात शोभत नाहीत, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. नामपूरच्या पुढे मोसम नदीच्या अंगाला त्यांचा गुरांचा मळा होता. त्या मळ्याच्या फाटकातून जो कोणी आत येई, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या येण्याआधी विळा तरी येई, नाहीतर एखाद्या जनावराचं दावं तरी. कसल्याशा उताऱ्यासाठी आलेले तलाठी भाऊसाहेब एकदा अर्धा तास एका गोऱ्ह्याचं दावं धरून होते. त्या गोऱ्ह्याने त्यांना मळ्याची सबंध हद्द पळत फिरवून दाखवली, त्यामुळे मोजणीचं निराळं काम उरलं नाही, असं आत्या सांगत. आणखी एकदा वऱ्हाडाची जीप मळ्यासमोर बंद पडली, तर ती चालू होईपर्यंत नवरदेवाच्या काकांनी फेट्यासकट बसून दोन भारे कडबा तोडून दिला. "बरं वाटलं त्यास्ले," आत्या म्हणाल्या, "लगीनघरमा काकाले कोन इचारस? आठे तरी कामाले आला."

त्यांची बोली अशी अहिराणीच्या अंगाने जाणारी. आम्हा नाशिकच्या मुलींशी बोलताना त्या ती मुद्दाम शुद्ध करायला जात. पण राग आला किंवा माया आली की शुद्धपणा गळून पडे, आणि त्या दोन्हींपैकी काहीतरी त्यांना सारखं येतच असे.

शालनसकट कॉलेजातल्या आम्ही सहा मैत्रिणी त्यांच्याकडे आठवडाभर राहिलो ते साल अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी, आता नक्की सांगता येणार नाही. दिवाळी नुकतीच झाली होती आणि पहाटे नाकाचा शेंडा दुखेल इतकी थंडी होती. प्राणिशास्त्राच्या सरांच्या डोक्यात त्या वर्षी असं आलं, की प्राणी पुस्तकात नसतात. आठवडाभर जनावरांत राहून या आणि अहवाल लिहा, असा हुकूम सुटला. बाकीच्यांनी शहाणपणाने शहरालगतची कोंबड्यांची खुराडी गाठली, म्हणजे संध्याकाळी आपल्या घरी आईच्या हातचं जेवायला मिळतं. शालन मात्र म्हणाली, "माझ्या आत्याचा मळा आहे. चला तिकडे. फार लाड करते ती." हे वाक्य पुढचे सात दिवस आम्ही तिला रोज सकाळ-संध्याकाळ म्हणून दाखवलं.

सटाण्याला एसटी बदलून आम्ही नामपूरला उतरलो आणि तिथून बैलगाडीने मळ्यावर पोचलो. आमच्याबरोबर सहा बॅगा, तीन कादंबऱ्या, एक पावडरचा डबा आणि बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी होत्या. आत्या फाटकातच उभ्या होत्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. बैलबाजारात जाणकार गिऱ्हाईक पाहतं तसं त्यांनी आम्हाला पायापासून वर पाहत आणलं. "ही चाली," त्या एकेकीपुढे थांबून म्हणाल्या, "हीबी चाली." ताडमाड पद्मापुढे त्या क्षणभर खूश होऊन उभ्या राहिल्या, तिचा मनगटाचा सांधा दाबून बघायचाच काय तो बाकी राहिला. माझ्यापाशी आल्यावर मात्र सुस्कारा टाकून शालनला म्हणाल्या, "हिले खावाले घालतस नही का कोनी?" आणि मग सगळ्यांना मिळून, "उभ्या काय ऱ्हायन्या वं? हात शेतस ना?"

पाच मिनिटांत रॅकेटी कडब्याच्या गंजीवर पडल्या होत्या आणि आम्ही शेणाच्या पाट्या उचलत होतो.

आत्यांच्या गोठ्यात लहानमोठी तीसेक जनावरं होती. त्यांतल्या नऊ गाई दुभत्या. मळ्यावर दोन गडी होते. ते गुरं चरायला नेत, वैरण कापत, नामपूरला दूध घालून येत. पण कासेला हात लावायची परवानगी त्या दोघांनाच काय, कुणालाच नव्हती. आत्यांचे यजमान वारल्याला बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ नऊच्या नऊ गाईंची धार त्या एकट्या काढत. धार म्हणजे गाईच्या आणि त्यांच्या मधलं खाजगी बोलणं होतं. बोलणं खाजगी असलं तरी ते मळ्याच्या पार पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जाई, कारण ते सगळं शिव्यांचं होतं. पहिल्या गाईखाली बसल्यापासून नवव्या गाईखालून उठेपर्यंत आत्यांचं तोंड थांबत नसे. "हल ना भवाने! सोताले पाटलीन समजस का? खावाले ढीगभर, देवाले थेंबभर!" आणि गाई डोळे अर्धवट मिटून, कीर्तनाला बसल्यासारख्या, पान्हा सोडत. शिवी थांबली की दूध थांबे. हे मी स्वतः पाहिलं आहे.

माणसांची नावं आत्यांच्या लक्षात राहत नसत. आम्ही सगळ्या 'वं पोरी' होतो. पण गाईंची नावं त्यांनी फार विचार करून ठेवलेली होती, आणि त्या विचाराचा उलगडा तिसऱ्या दिवशी झाला. दावणीच्या टोकाला एक देखणी, तांबडी, कमालीची लाथाळ गाय होती. तिने बादली उडवली तशा आत्या कडाडल्या, "कुसुम! सटवे! तुन्हं कधीच भलं व्हवाव नही!"

शालनच्या हातातली पाटी खाली पडली. कुसुम हे तिच्या आईचं नाव.

"आत्या," ती रडवेली होऊन म्हणाली, "तू गाईला माझ्या आईचं नाव ठेवलंस?"

आत्या जराही ओशाळल्या नाहीत. "ती जलमली तव्हा आमचं भांडण व्हतं," त्या म्हणाल्या. "लुगड्यावरून. मागनं मिटलं. आता तुझी आई मले लाखात एक वाटते. पन गाईले कसं सांगू? तिले सवय झाली नावाची."

मग आम्ही दावणीवरून नजर फिरवली आणि आमच्या लक्षात आलं, की तिथे शालनचे अख्खे नातेवाईक बांधलेले आहेत. एक चुलती होती, एक आत्यांची नणंद होती, आणि भाकड झालेली म्हातारी गाय ही कुठल्याशा विहीणबाई होत्या.

गोठ्याच्या खांबाला एक रेडिओ बांधलेला होता, तो गाईंसाठी. भजनं चालत, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चाले, हवामानसुद्धा चाले. बातम्या मात्र वर्ज्य. बातम्यांची धून वाजली की आत्या हातातलं काम टाकून धावत आणि कान पिरगाळल्यासारखं बटण पिरगाळत. "बातम्यास्नी दूध आटतं," त्या म्हणत. मळ्यावर घड्याळ नव्हतं. पहाटे विहीणबाई हंबरल्या की उठायचं, आणि शेवटच्या वासराने पाणी प्यायल्याशिवाय माणसांना चहा नाही. त्या पाणी पिणाऱ्या वासराकडे इतक्या आशेने कुणी पाहिलं नसेल, जितक्या आशेने आम्ही पाहत होतो. पण तो चहा! निव्वळ दुधाचा, गुळाचा, वाटीत ओतला की वर बोटभर साय धरणारा. चौथ्या दिवशी मला दुसरी वाटी मिळाली. "चेहरा जरा भरला," आत्या समाधानाने म्हणाल्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या वर्गात पास झाल्यासारखं वाटलं.

आमच्या अहवालापुरती नियमाला सूट देऊन, धार शिकवायला त्यांनी आम्हाला नवांतली एक गरीब गाय दिली होती. तिला त्या शाळेची गाय म्हणत. तिच्याखाली आम्ही पाळीपाळीने बसत असू आणि ती मान वळवून, मास्तरीणबाईंच्या सोशिकपणाने, आमच्याकडे पाहत असे.

गुरुवारी दुपारी पोस्टमन आला. त्याला नेहमीप्रमाणे पेंड भिजवायला बसवून आत्यांनी हातातलं कार्ड माझ्याकडे दिलं, कारण त्यांचे हात शेणाचे होते. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. वर्ध्याकडे कुठेतरी तिचं सासर; अकरा वर्षांत दोघींची भेट नव्हती. मी मोठ्याने वाचलं. अक्काची नजर जात चालली होती. मुलगा तिला डोळे दाखवायला मुंबईला नेत होता. शुक्रवारी दुपारी गाडी मनमाडला येते, वीस मिनिटं थांबते. 'थोडंफार दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड बघून घेते. मनमाडच्या टेसनावर ये.'

वाचून झालं. आत्यांनी हात धुतले, कार्ड घेतलं, लुगड्याच्या ओच्यात खोचलं आणि गव्हाण झाडायला गेल्या. अर्धा तास आमच्या कानावर एकही शिवी आली नाही. गोठा एकदम परक्याच्या घरासारखा वाटायला लागला.

शेवटी शालन म्हणाली, "आत्या, जाणार ना तू?"

"शुक्रवार म्हंजे उद्याच ना वं." त्या खराटा न थांबवता म्हणाल्या. "इकडून मालेगाव, तठून मनमाड. गाडीले उशीर झाला तं सांजची धार कोन काढी?"

"गडी आहेत की."

"त्यास्ले गाई जवळ येऊ देतीस नही."

"आम्ही काढू," पद्मा म्हणाली.

आत्यांनी खराटा ठेवला. आमच्या बारा हातांकडे त्या पाहू लागल्या. चार दिवसांनी त्या हातांवर फोड आले होते, नखं काळी झाली होती, आणि तरी ते बघून भरवसा वाटावा असं त्यांत काहीही नव्हतं. पण मला वाटतं, आत्या हातांकडे बघतच नव्हत्या. ओच्यातल्या कार्डाला त्यांचा अंगठा सारखा लागत होता.

"परीक्षा घेसू," त्या म्हणाल्या.

परीक्षा त्याच संध्याकाळी झाली, शाळेच्या गाईखाली. पद्मा उत्तम पास झाली. शालन आणि आणखी दोघी काठावर. पाचवीला वैरण टाकायचं काम मिळालं. मी सहावी, माझ्या हातून चरवीत दुधाचे सात थेंब पडले आणि बाकीचं दूध माझ्या बाहीत गेलं. "हिच्या हातात जीव नही," आत्या म्हणाल्या, "पन आवाज बरा शे. ही शिव्या देई."

अशा रीतीने सभ्य घरातल्या, गॅदरिंगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या माझ्यावर नऊ गाईंना शिव्या द्यायची जबाबदारी आली. आत्यांनी त्या मला एकेका गाईच्या नावानिशी पाठ करून घ्यायला लावल्या. मी वहीत लिहून घेतल्या. अहवालाचीच वही होती.

शुक्रवारी सकाळची धार काढून आत्या तयार झाल्या. ट्रंकेतलं डांबरगोळीच्या वासाचं निळं लुगडं त्या नेसल्या. आम्ही त्यांची वेणी घातली, अंबाडा बांधला, आणि त्या नको नको म्हणत असताना आमच्या डब्यातली पावडर त्यांच्या तोंडाला, मानेला आणि कोपरापर्यंत हातांना लावली. "मेल्यांनो, मले नवरी करता का?" त्या ओरडत होत्या, पण आरसा मागून घेतला. खरवसाचा डबा पोटाशी धरून त्या बैलगाडीत बसल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांचं तोंड मागे, गोठ्याकडेच होतं.

संध्याकाळ झाली. आत्या आल्या नाहीत. गुरं चरून परतली, आपापल्या जागी उभी राहिली, आणि नऊ माना एकदम आमच्याकडे वळल्या.

पद्मा पहिल्या गाईखाली बसली. गाईने तिला नुसतं हुंगलं आणि दोन पावलं सरकून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा सरकली. पान्ह्याचं नाव नाही. वासरं ओरडायला लागली. दूध कासेत राहिलं तर गाय आजारी पडते, हे आत्यांनी आम्हाला दहा वेळा बजावलं होतं. तेवढ्यात दोन गड्यांपैकी म्हातारा होता तो कुंपणापलीकडून म्हणाला, "बाईनं लुगडं नेसा ना वं. वासावर ऱ्हातीस त्या."

आत्यांचं रोजचं लुगडं वळणीवर होतं. पद्मा नेसली. म्हणजे आम्ही चौघींनी मिळून तिला ते गुंडाळलं. आत्यांच्या गुडघ्यापर्यंत येणारं ते लुगडं तिच्या मांडीपर्यंतच पोचत होतं, आणि काष्टा मी घातलेला असल्यामुळे दर दोन गाईंमागे सुटत होता. पण गाईने पदर हुंगला आणि ती थांबली. मी वही उघडली, घसा साफ केला, आणि प्रार्थनेच्या सुरात म्हटलं, "हल ना भवाने. सोताले पाटलीन समजस का."

"जोरात!" पद्मा खालून ओरडली.

मी डोळे मिटले आणि जोरात म्हटलं. चरवीत धारेचा आवाज आला. तो चुर्र चुर्र आवाज मी आजही कुठे ऐकला तर माझ्या अंगावर काटा येतो. मग मला चेवच चढला. चुलतीला मी सोडली नाही, नणंदेला सोडली नाही. वहीतल्या शिव्या संपल्या तेव्हा मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली लॅटिन नावं घालायला सुरुवात केली. त्यांनीही काम भागलं. मध्येच रेडिओवर बातम्यांची धून वाजली तेव्हा आम्ही दोघी तिघी एकदम खांबाकडे झेपावलो आणि एकमेकींवर आपटलो, पण दूध आटू दिलं नाही.

राहिली कुसुम. ती पद्माच्या लुगड्याला बधली नाही, माझ्या आवाजालाही नाही. दोनदा बादली उडाली. शेवटी शालन पुढे झाली. "घरातलंच माणूस पाहिजे बहुतेक तिला," ती म्हणाली. ती खाली बसली आणि फार हळू आवाजात म्हणाली, "कुसुम... अगं भवाने..." आणि स्वतःचीच जीभ चावली. गाय ढिम्म. "कुसुम, नीट उभी राहा!" गाईने कान हलवला. शालनने श्वास घेतला. आणि मग जे काही बाहेर पडलं ते आत्यांनी शिकवलेलं नव्हतं. "कुसुम! लहानपणी वेणी घालताना किती केस ओढायचीस माझे! सहलीला जाऊ दिलं नाहीस! दादाला साय आणि मला ताक! आणि ती हिरवी साडी मला न विचारता मावशीला दिलीस!" चरवी भरत होती. शालन हसत होती की रडत होती कळत नव्हतं, आणि कुसुम डोळे मिटून, गव्हाणीत तोंड घालून, शांतपणे सगळं ऐकून घेत होती. खऱ्या आईने इतकं ऐकून घेतलं नसतं.

दूध नेहमीपेक्षा थोडं कमीच भरलं, पण नऊच्या नऊ कासा मोकळ्या झाल्या. आम्ही सहा जणी अंगणात पडून इतक्या हसलो, की म्हातारा गडी काळजीने पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची धार चालू असतानाच आत्या परतल्या. पहिल्या एसटीने नामपूरला उतरून पायी आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी आपल्या लुगड्यातल्या पद्माला पाहिलं, वही धरून गर्जणाऱ्या मला पाहिलं. निळं लुगडं वर खोचलं, एकेका गाईची कास चाचपून पाहिली. एकीच्या खाली बसून राहिलेल्या चार धारा काढल्या. मग उठून म्हणाल्या, "बरं शे."

त्यांच्याकडून कुणाला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं, असं शालनने नंतर सांगितलं.

चहा पिताना आम्ही विचारलं, भेट झाली का. गाडी चार तास उशिरा आली होती. चार तास नुसतं एका जागी बसून आत्यांची कंबर धरली होती. "जलमात इतकी बसले नव्हते," त्या म्हणाल्या. गाडी आली तेव्हा दिवस कलला होता. खिडक्यांतून वाकून वाकून पाहत त्या पार इंजिनापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग एका खिडकीत अक्का दिसली. पण अक्काला काही दिसेना. मुलगा सांगत होता, आई, मावशी आली बघ. आणि ती भलतीकडेच तोंड करून म्हणत होती, कुठे आहे, कुठे आहे?

वाटीतली साय आत्यांनी बोटाने बाजूला केली.

"मंग मी गजातून हात आत घातला. तिनं धरला. नाकाशी नेला. म्हने, गोठ्याचा वास येतो. तूच शे." आणि एकदम आमच्याकडे वळून, डोळे पुसत, "तुमची ती पावडर काही कामाची नही वं पोरींनो. इतकी चोपडली, तरी वास गेला नही."

"वीस मिनिटं काय बोललात?" मी विचारलं.

"काय बोलू? ती मन्हा हात धरी ऱ्हायनी, मी तिना. मंग शिट्टी झाली."

रविवारी आम्ही निघालो. अहवालावर सरांनी लाल शाईने लिहिलं, 'यात जनावरांपेक्षा माणसंच जास्त आहेत,' आणि गुण कापले. पद्मा पुढे बँकेत लागली. शालन लग्न होऊन भुसावळला गेली आणि मी नाशिकमध्येच राहिले. ती मुंबईला जायची असली की आधी कार्ड टाकते, डब्याचा नंबर कळवते, आणि मी नाशिकरोडला जाते. गाडी तिथे थांबून थांबून किती थांबणार, तीन-चार मिनिटं. एवढ्यासाठी शहरातून धडपडत जायचं, असं माझे यजमान म्हणतात. मी म्हणते, पुष्कळ होतात.

मागच्या पावसाळ्यानंतर ती अशीच जात होती. मी खिडकीपाशी पोचले, चिवड्याची पुडी आत दिली, पोरांची चौकशी केली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, आत्या गेली."

"कधी?"

"महिना झाला. त्रास काही नाही झाला. सकाळची धार काढून उठली, हात धुतले, ओसरीवर जरा टेकली, तेवढंच."

"नऊच्या नऊ काढून?"

"नऊच्या नऊ," शालन म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी असताना आम्ही दोघीही हसलो.

तेवढ्यात गाडी हलली. हात सोडायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी गाडीबरोबर चालत राहिले, मग थोडी पळाले, आणि फलाट संपत आला तेव्हा तिनेच आतून हळूच बोटं सोडवून घेतली.